गावच्या रस्त्यावर कायदा कोण पाळायला लावतो?



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जेमतेम अर्ध्या पानात उरकला जाणारा एक विषय आम्ही या अंकासाठी निवडला आहे. इंदूरच्या चौकात शिट्टी वाजवणारा हवालदार आपण सर्वांनीच पाहिला आहे. पण बायपास ओलांडून गाडी सांवेर, देपालपूर किंवा हातोदच्या रस्त्याला लागली की सिग्नल संपतात, पांढरे पट्टे संपतात आणि बहुतेकांच्या डोक्यावरचे हेल्मेटही उतरून आरशाला लटकते. जणू कायद्याची हद्द बायपासवरच संपली! प्रत्यक्षात मोटार वाहन कायदा, १९८८ हा चौकात जेवढा लागू आहे तेवढाच शेताच्या बांधालगतच्या डांबरी रस्त्यावरही लागू आहे. तो तिथे कोण राबवतो, कोणत्या अधिकाराने राबवतो आणि कुठे कमी पडतो, हे आज समजून घेऊ.

आधी एका शब्दाची गंमत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक. घरात आजी ‘काय मेली ही यातायात!’ म्हणे, तेव्हा तिला दगदग, खटाटोप असे म्हणायचे असे. इंदूरच्या मराठी मुलाच्या डोक्यात हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. संध्याकाळी सहा वाजता राजवाड्यापाशी उभे राहिले तर दोन्ही खरेही वाटतात.

आता गमतीचा भाग सोडून आकडे पाहू. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. यांपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर झाले. म्हणजे तीन मृत्यूंतले दोन गावाकडे. आपला मध्य प्रदेश त्या वर्षी अपघातांच्या संख्येत तामिळनाडूखालोखाल दुसरा होता: ५४,४३२ अपघात आणि १३,४२७ मृत्यू. या दुसऱ्या आकड्याला ३६५ ने भागून पाहा. रोज सुमारे ३७ माणसे. आपल्या एखाद्या वर्गाच्या हजेरीपटावर साधारण एवढीच नावे असतात.

गर्दी शहरात आणि मरण गावाकडे, असे का? शहरात गर्दीमुळेच वेग कमी असतो. गावच्या रस्त्यावर मोकळीक मिळते. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि जिथे पावसाळ्यात बैलगाडी रुतत असे तिथे गुळगुळीत डांबर आले. ही मोठीच सोय झाली, आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचू लागला. पण हा रस्ता बहुधा पावणेचार मीटर रुंदीचा, एका वाहनापुरता. समोरून दुसरे वाहन आले की दोघांनीही एकेक चाक मातीच्या पट्टीवर उतरवायचे, असा त्याचा हिशेब. त्यावर आता साठ-सत्तरच्या वेगाने मोटारसायकली धावतात. वळणावर उभी मका, रस्त्यात बसलेल्या म्हशी, कडेला वाळत घातलेले सोयाबीन, आणि रस्ता जिथे राजमार्गाला मिळतो तिथे ना गतिरोधक, ना दिवा. बहुतेक वेळा जीव जातो तो नेमका या तोंडापाशी.

कोणाचा अधिकार कोणता

लोक सरसकट ‘पोलिसांनी पकडले’ म्हणतात. पण गावाकडच्या रस्त्यावर तुम्हाला थांबवणारे हात वेगवेगळ्या खात्यांचे असतात.

पहिला, स्थानिक थाना. यातायात पोलीस मुख्यतः मोठ्या शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. तहसिलीच्या आणि खेड्यांच्या रस्त्यांवर हे काम थान्याच्याच पोलिसांना करावे लागते. चोरी, मारामारी, जमिनीचे तंटे, नेत्यांचा दौरा, गणपती-नवरात्राचा बंदोबस्त, हे सगळे सांभाळून उरलेल्या वेळात वाहन तपासणी. एका थान्याच्या हद्दीत कितीतरी गावे आणि जीप एखाददुसरी. त्यामुळे तपासणी बहुधा थान्यासमोरच किंवा गावाच्या नाक्यावर लागते, आणि ती लागल्याची बातमी दोन मिनिटांत मोबाईलवरून सगळ्या पंचक्रोशीत पोचते. मग पोरे शेताच्या गाडरस्त्याने वळसा घालतात.

दुसरा, परिवहन विभाग, म्हणजे आपण ज्याला आरटीओ म्हणतो तो. लायसन्स, नोंदणी, परमिट आणि फिटनेस ही यांची मुख्य कामे. बस, ट्रक, मॅजिक, पिकअप यांची रस्त्यावरची तपासणी यांचे फिरते पथक करते. गाडी काट्यावर नेऊन वजन करून घेण्याचा अधिकार या विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याला कलम ११४ ने दिला आहे. मुंबईकडे ट्रकने माल धाडणाऱ्या आपल्या पालकांना सेंधव्याकडचा परिवहन नाका चांगलाच आठवत असेल. राज्यातले असे नाके १ जुलै २०२४ पासून बंद करण्यात आले आणि त्यांच्या जागी फिरत्या तपासणीवर भर देण्यात आला.

तिसरे, राष्ट्रीय राजमार्गावर पिवळे दिवे लावून फिरणारी गस्तीची गाडी. ती पाहून पुष्कळ चालक घाबरून पट्टा लावतात. लावू देत, चांगलेच आहे! पण हे टोल चालवणाऱ्या यंत्रणेचे लोक असतात. बंद पडलेली गाडी बाजूला घेणे, रस्त्यात सांडलेला माल हटवणे, क्रेन आणि ॲम्ब्युलन्स बोलावणे ही त्यांची कामे. त्यांना चालान करता येत नाही.

याशिवाय काही अधिकारी रस्त्यावर दिसत नाहीत, पण रस्त्याचा कायदा त्यांच्याही हाती असतो. रेतीचे डंपर खनिज विभाग अडवतो. वेगमर्यादेचे फलक, धोकादायक वळण, दुरुस्ती हे ज्याचा रस्ता त्याचे काम: कुठे राजमार्ग प्राधिकरण, कुठे राज्याचे रस्ते विकास निगम, कुठे बांधकाम खाते. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची रस्ता सुरक्षा समिती असते. वारंवार अपघात होणारी ठिकाणे तिच्यासमोर यायला हवीत. २०१९ च्या सुधारणेने कलम १९८-क नवे घातले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे अपघातात कोणी मेले किंवा अपंग झाले, तर जबाबदार संस्थेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सगळा दोष नेहमी चालकाचाच असतो असे नाही, हे कायद्याने मान्य केले, ही आमच्या मते त्या सुधारणेतली सर्वांत शहाणी गोष्ट.

या बाबतीत आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट. राऊ-खलघाट मार्गावरच्या या उतारावर अवजड ट्रकांचे ब्रेक निकामी होत आणि ते समोरच्या वाहनांवर जाऊन आदळत. तिथे पोलीस उभे केले, फलक लावले, गतिरोधक करून पाहिले. अखेर तो उतार टाळणारा नवा मार्गच बांधावा लागला आणि २०२४ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. काही दुखणी चालानाने बरी होत नाहीत.

थांबवल्यावर काय

गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास लायसन्स दाखवणे कलम १३० प्रमाणे बंधनकारक आहे. गाडीची नोंदणी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र हेही दाखवावे लागते. नोव्हेंबर २०१८ पासून केंद्रीय नियमांत बदल होऊन डिजिलॉकर किंवा एम-परिवहन मधली मोबाईलवरची प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मात्र नाही.

दंडाचे दोन प्रकार समजून घ्या, कारण पालकसभेत याच मुद्द्यावर गोंधळ झालेला आम्ही पाहिला आहे. कायद्यात लिहिलेला दंड न्यायालय करते. काही गुन्ह्यांत मात्र जागेवरच रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. याला हिंदीत शमन म्हणतात. कलम २०० प्रमाणे ही रक्कम राज्य सरकार ठरवते, म्हणून ती इंदुरात एक आणि धुळ्यात दुसरी असू शकते. कायद्यातले आकडे पाहायचे तर १ सप्टेंबर २०१९ पासून लायसन्सशिवाय गाडी चालवल्यास ५,००० रुपये, हेल्मेट नसल्यास १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स रद्द, दुचाकीवर तिघे बसल्यास तेच, विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये. ॲम्ब्युलन्सला वाट न दिल्यास १०,००० रुपये. आणि एक कलम तर मुलांना फार आवडते: कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड, कलम २१०-ख.

नोंदणी नाही, परमिट नाही, लायसन्स नाही अशा गाड्या कलम २०७ प्रमाणे थान्यात उभ्या करता येतात. कोणत्याही थान्याच्या आवारात वेलींनी वेढलेल्या, गंजलेल्या मोटारसायकलींची रांग दिसते ती अशीच जमलेली. काहींचे मालक कधी परत येतच नाहीत, कारण गाडीच्या किमतीपेक्षा कागदांची आणि दंडाची रक्कम जास्त झालेली असते.

गावाकडे चालान कमी होण्याचे एक कारण सर्वांना माहीत आहे आणि छापील कुणी सांगत नाही. थान्यातला शिपाई त्याच भागात राहतो, त्याच किराणा दुकानात उधारी करतो. गाडी अडवली की सरपंचांचा फोन येतो, ‘साहेब, आपलाच पोरगा आहे, जाऊ द्या.’ फोन नाही आला तर चहापाणी आहेच. दंड हजाराचा आणि चहापाणी शंभराचे, मग हिशेबी माणूस काय निवडेल हे सांगायला नको. हातात धरायच्या मशीनवर फोटोसह ई-चालान निघू लागल्यापासून यात थोडा फरक पडला आहे. एकदा मशीनमध्ये गाडीचा नंबर गेला की तो पुसणे शिपायाच्या हाती राहत नाही. पालकांना आमची विनंती एवढीच की आपल्या ओळखीचा उपयोग करून मुलाला सोडवून आणू नका. रक्कम भरा आणि पावती घ्या. ती पावती मुलाच्या अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवली तर उत्तमच.

मोजमापाची यंत्रे

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी हा भाग. राजमार्गावर कडेला उभ्या असलेल्या पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत वेग मोजणारी लेझर गन असते. तिच्यातून अदृश्य प्रकाशाचे बारीक ठोके एकामागून एक सुटतात, गाडीवर आपटून परत येतात. प्रकाशाचा वेग ठाऊक असल्याने जाण्यायेण्याच्या वेळेवरून गाडीचे अंतर कळते. अशी अनेक अंतरे क्षणार्धात मोजली की दोन मोजण्यांच्या मधल्या काळात गाडी किती सरकली हे निघते. समजा ०.३ सेकंदात ती ७.५ मीटर पुढे आली. म्हणजे सेकंदाला २५ मीटर, आणि ३.६ ने गुणले की तासाला ९० किलोमीटर. सातवीच्या मुलाला येणारे गणित आहे.

आता दुसरे गणित, जे चालानापेक्षा महत्त्वाचे. समोर अचानक गाय आली. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो असे धरू. कोरड्या, चांगल्या डांबरावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो असे मानू. ताशी ४० किलोमीटरला गाडी सुमारे २० मीटरवर थांबते. ६० ला सुमारे ३६ मीटर. ८० ला ५७ मीटर! वेग दुप्पट झाला आणि अंतर जवळजवळ तिप्पट. गावच्या रस्त्यावर रात्री दुचाकीच्या दिव्याचा कामाचा उजेड किती लांब पडतो, हे नववीच्या मुलांनी बाबांसोबत एकदा पावलांनी मोजून पाहावे.

दारू पिऊन गाडी चालवल्याचा संशय आला तर पोलीस श्वासाची चाचणी घेतात. नळीत फुंकर मारायची, यंत्र फुंकरीतल्या मद्यार्कावरून रक्तातले प्रमाण काढते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर कलम १८५ लागते: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावाकडे ही यंत्रे मोजकीच पोचतात. तिथे मोठा परिणाम झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने. राजमार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असा तो आदेश होता. मार्च २०१७ मध्ये लहान वस्तीसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. न्यायालयालाही रस्त्यावरची अंमलबजावणी करावी लागते, ती अशी.

वजनकाट्याचा उल्लेख वर आलाच आहे. आपल्याकडे त्याला धर्मकाटा म्हणतात. मर्यादेपेक्षा जास्त माल भरल्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. तीन टन जास्त असेल तर २६,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. बसमध्ये जादा प्रवासी कोंबले तर माणशी २०० रुपये.

ट्रॉलीचा प्रश्न

शहरातल्या मुलांना ट्रॅक्टर म्हणजे चित्रातले वाहन वाटते. माळव्यात ते घराघरातले वाहन आहे, आणि गावच्या रस्त्यावरचा सर्वांत अवघड कायद्याचा प्रश्न त्याच्यापाशीच उभा राहतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, उन्हाळ्याच्या तोंडाशी गहू. रात्रभर ट्रॉल्या छावणीच्या मंडीकडे, कांदा-लसूण चोइथराम मंडीकडे येत असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. रंग धुळीने मातीचाच झालेला. मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा पंधरा-वीस मीटर उरलेले असतात. वरचे गणित लावून पाहा. हंगामात अनेक जिल्ह्यांत पोलीस रस्त्यावर उभे राहून ट्रॉल्यांच्या मागे लाल चमकणारी पट्टी चिकटवतात. दंड करत नाहीत, फुकट पट्टी लावून देतात. आमच्या मते गावच्या रस्त्यावर पोलिसांच्या हातून होणारे हे सर्वांत उपयोगाचे काम आहे. एका पट्टीला किती खर्च येतो आणि एका मोटारसायकलस्वाराचे घर उभे राहायला किती वर्षे लागतात!

दुसरी बाजू अधिक कठीण. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे बसवून नेता येत नाहीत. ती मालासाठी आहे. पण लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शन, मजूर, यात्रा, सगळे तिच्यातूनच जाते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली पाण्याने भरलेल्या खड्ड्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतांश बायका आणि मुले होती. आपल्या राज्यात दिंडोरी जिल्ह्यात फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ओटभरणीच्या कार्यक्रमाहून परतणारी पिकअप उलटून १४ जण दगावले. पिकअपही मालाचेच वाहन.

आता हवालदाराच्या जागी स्वतःला उभे करा. रात्री दहाची वेळ, ट्रॉलीत चाळीस माणसे, म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरे. कायदा सांगतो, उतरवा. उतरवून पाठवायचे कुठे? मध्य प्रदेशातले सरकारी रोडवेज बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. त्यानंतर जिथे नफा तिथे खासगी बस धावली, आतल्या गावांकडे पिकअप आणि ट्रॉली उरली. सोडून द्यावे तर पुढच्या पुलावर काय होईल कोण जाणे. अडवावे तर लोक थान्याला घेराव घालतात. आम्हाला वाटते, भगोरियासारख्या यात्रांच्या दिवसांत आधीच जादा बस लावणे हीच खरी अंमलबजावणी. तपासणी नाके त्यानंतर.

बसही सुरक्षितच असते असे नाही. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्र एसटीची बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि १२ जण गेले. आपल्यापैकी किती घरांची माणसे सुट्टीत त्याच रस्त्याने खानदेशात जातात! ९ मे २०२३ ला खरगोन जिल्ह्यात इंदूरकडे येणारी खासगी बस पुलावरून कोरड्या नदीपात्रात पडली, तिथेही वीसहून अधिक मृत्यू. फिटनेस, परमिट, प्रवाशांची संख्या या गोष्टी सुटण्याच्या ठिकाणी तपासल्या गेल्या तरच अर्थ आहे. पुलाच्या पलीकडे तपासून काय उपयोग?

शाळेच्या वाहनांविषयी विश्वस्त मंडळाला वेगळे सांगायची गरज नाही. ५ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या बायपासवर एका शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली, चार विद्यार्थी आणि चालक गेले. ती संध्याकाळ या शहरातले कोणतेही आईबाप विसरलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे शाळेच्या बसला वेग नियंत्रक, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचे साधन, खिडक्यांना आडवे गज, पक्क्या कुलपाचे दरवाजे हवेत आणि चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. पालकांनी ठरवलेल्या व्हॅन आणि ऑटोंकडे मात्र कोणीच पाहत नाही. तिथे पहिला तपासणी अधिकारी म्हणजे मुलाला बसवून देणारी आईच. किती मुले आत आहेत हे तिने मोजावे.

अठरा वर्षांच्या आतले

आता सर्वांत नाजूक विषय. गियरची दुचाकी किंवा मोटार चालवायला अठरा वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी मिळणारे लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियर दुचाकीसाठी आहे. तुमच्या घरची स्कूटर शंभराच्या वरची असते, तिला ते चालत नाही. ज्या विजेच्या दुचाकीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तीच नियमांतून सुटते. दुकानदार ‘लायसन्स लागत नाही’ म्हणाला तर कागदावर हे दोन आकडे पाहून घ्या.

२०१९ च्या सुधारणेतले कलम १९९-क प्रत्येक पालकाने वाचले पाहिजे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पालकाच्या संमतीनेच मुलाने गाडी घेतली असे न्यायालय गृहीत धरते, तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार पालकावर. अपघातात दुसरा कोणी दगावला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. एका स्कूटरपायी घर विकायची पाळी येऊ शकते.

शाळेच्या आवारात आम्ही लायसन्स नसलेल्या मुलांच्या गाड्या घेत नाही. तरीही फाटकापासून शंभर पावलांवर, पानाच्या दुकानाच्या मागे रोज त्या रांगेने उभ्या असतात आणि दुकानदार पाच रुपये घेऊन राखण करतो. मुले आत पायी येतात, अगदी सभ्यपणे. आम्हाला सगळे दिसते. गावाहून येणाऱ्या मुलांची अडचण खरी आहे, दहा-बारा किलोमीटर अंतर आणि बसची वेळ शाळेशी जुळत नाही. पण मग वडिलांनी मोटारसायकलवर बसस्टँडपर्यंत सोडावे, दोन-चार घरांनी मिळून व्हॅन करावी. वेळ जुळवण्यासाठी शाळा पंधरा मिनिटे उशिरा भरवायलाही आम्ही तयार आहोत. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा प्रस्ताव आम्ही ठेवत आहोत. गावांच्या नावांसह पालकांनी लेखी कळवावे.

आणि हेल्मेट. २०२२ साली देशात हेल्मेट नसताना दगावलेल्या दुचाकीवरच्या माणसांची संख्या ५०,०२९ होती, त्यांत १४,३३७ मागे बसलेले. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते सक्तीचे आहे, मागे बसणाऱ्या आईलाही. त्याखालच्या, नऊ महिन्यांवरच्या बाळांसाठी २०२३ पासून सुरक्षा पट्टा, लहान मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. लग्नाला जाताना केस बिघडतात ही सबब आमच्या कानावर वारंवार येते.

अपघात झाल्यावर

गावच्या रस्त्यावर पहिला पोचतो तो पोलीस नसतो, वाटसरू असतो. आणि वाटसरू घाबरतो, कारण ‘थान्यात खेटे घालावे लागतील’ हे त्याने ऐकलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांसाठी संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये ते कलम १३४-क म्हणून कायद्यात आले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही, चांगल्या हेतूने केलेल्या मदतीत चूक झाली तरी त्याच्यावर खटला होत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात उपचारापर्यंत नेणाऱ्याला राहवीर योजनेत २५,००० रुपये देण्याची तरतूद २०२५ मध्ये झाली. त्याच वर्षी मे महिन्यात अपघातग्रस्तांसाठी नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख पैशाशिवाय उपचाराची योजना आली. पैसे आणायला घरी धावण्याची गरज नाही, आधी जखमीला उचला.

फोन कोणता करायचा? ॲम्ब्युलन्ससाठी १०८. पोलिसांसाठी ११२. २०१५ पासून आपल्या राज्यात डायल १०० च्या गाड्या फिरत, २०२५ मध्ये ती सेवा डायल ११२ झाली. राष्ट्रीय राजमार्गावर असाल तर १०३३.

फोनवर समोरचा पहिले विचारतो, ‘कुठे?’ आणि आपली मुले सांगतात, ‘मोठ्या वडाच्या पुढे.’ वड सगळीकडे आहेत. रस्त्याच्या कडेचा दगड पाहा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय राजमार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्राम सडक. त्यावर गावाचे नाव आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो. एवढेच सांगायचे: ‘पिवळ्या दगडाचा रस्ता, अमुक गाव चार किलोमीटर, इंदूरकडे येणारी बाजू.’ गाडी नेमकी तिथे येते. येत्या शनिवारी पाचवी ते आठवीच्या मुलांनी आपल्या घराच्या किंवा गावाच्या सर्वांत जवळच्या दगडाचा रंग आणि त्यावरचा आकडा वहीत लिहून आणावा.